तारीख : लिहावी कशी, ठेवावी कशी?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)





समारंभाच्या व्यासपीठावरून शिक्षणाचे महत्त्व, मुलींचे शिक्षण, समाजाचे मागासलेपण या विषयांवर आपण दर वर्षी ऐकता. ते विषय मोठे आहेत. मी आज एक लहान विषय घेऊन उभा आहे. इतका लहान की तो दहा अक्षरांत मावतो. आपल्या मुलाच्या दाखल्यावरची जन्मतारीख, एवढाच तो विषय. परंतु ही दहा अक्षरे चुकली, तर शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो, पासपोर्ट अडतो, स्पर्धापरीक्षेची वयोमर्यादा हुकते आणि चाळीस वर्षांनी पेन्शनच्या वेळी तीच चूक पुन्हा डोके वर काढते. पूर्वी अशी चूक एका वहीत राहत असे. आता ती संगणकात जाते, आणि तेथून हव्या तितक्या कचेऱ्यांत तिच्या नकला पोहोचतात. म्हणून तारीख कशी लिहावी आणि संगणकाच्या डेटाबेसमध्ये ती कशी ठेवावी, हे पालकांनी थोडेसे आणि विद्यार्थ्यांनी नीटपणे समजून घेणे आवश्यक झाले आहे.

“कोणता शाबान?”

हा प्रश्न नवा नाही. आपल्याच इतिहासात त्याचे उत्तम उदाहरण आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत त्यांच्यापुढे देण्याघेण्याचा एक कागद आला. त्यावर मुदतीचा महिना शाबान असा होता, परंतु साल नव्हते. तेव्हा हा शाबान कोणता, मागचा, चालू की पुढचा, असे त्यांनी विचारले, अशी हकीकत जुन्या इतिहासकारांनी नोंदविली आहे. बसऱ्याचे सुभेदार अबू मूसा अशअरी (रजि.) यांनीही खलिफांकडून येणाऱ्या पत्रांवर तारीख नसते, त्यामुळे आधीचे कोणते व नंतरचे कोणते हे कळत नाही, अशी तक्रार केल्याचे सांगतात. मग सहाबांची मसलत झाली. इराणी व रोमन गणनांचा विचार झाला. अखेर हिजरतीचे वर्ष हे पहिले वर्ष आणि मुहर्रम हा पहिला महिना असे ठरले. हे हिजरीच्या सतराव्या सालाच्या सुमारास घडले. त्या पहिल्या वर्षाचा पहिला मुहर्रम म्हणजे इसवी सन ६२२ चा १६ जुलै, असे सर्वसाधारणपणे धरतात.

या हकीकतीत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, अर्धवट तारीख ही तारीखच नव्हे. लिहिणाऱ्याला सर्व ठाऊक असते, म्हणून तो “शाबान” एवढेच लिहितो. वाचणाऱ्याला ते ठाऊक नसते. दुसरी, मोजायला कोठून सुरुवात करायची हे एकदा सर्वांनी मिळून ठरवले, की मग हिशेब जुळतो. आजचा संगणक नेमके हेच करतो, ते पुढे सांगतो. सूरह बकरामध्ये मुदतीच्या देण्याघेण्याविषयी लिखापढी करण्याची जी आज्ञा आहे, ती २८२ क्रमांकाची आयत कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. कागद नीट करणे ही आपल्याकडे दुनियादारीची क्षुल्लक बाब मानलेली नाही.

आपल्या महाराष्ट्रातही याचे एक सुंदर उदाहरण आहे. मराठ्यांच्या दप्तरांतील मोडी कागदांवर सुहूर सन लिहिलेला असे, आणि तो अरबी संख्यावाचक शब्दांत असे. “अर्बा सबैन मया व अलफ” असे लिहिले असेल तर अर्बा म्हणजे चार, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. मिळून ११७४. यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७३ येतो, आणि वर्षाच्या उत्तरार्धात ६०० मिळवावे लागतात, कारण हे साल मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सुरू होई. आकड्यात खाडाखोड करता येते, शब्दात ती सहज करता येत नाही. आजही शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी व अक्षरी अशी दोन्ही लिहितात, त्यामागे हाच शहाणपणा आहे.

तारीख वेगळी, तिचा पोशाख वेगळा

आता संगणकाकडे वळू. सर्वप्रथम एक भेद मनात पक्का करावा. तारीख ही एक गोष्ट आहे आणि ती कागदावर वा पडद्यावर ज्या रूपात दिसते ते रूप ही दुसरी गोष्ट आहे. १५ ऑगस्ट १९४७, १५/०८/१९४७, १५-८-४७ ही एकाच दिवसाची तीन रूपे झाली. माणूस तोच, पोशाख निरनिराळे.

संगणक आपल्या पोटात पोशाख ठेवत नाही, तो दिवसांची मोजणी ठेवतो. एक आरंभदिन ठरवायचा आणि तेथून कितवा दिवस हा आकडा साठवायचा. एक्सेल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस. त्या मोजणीने १५ ऑगस्ट १९४७ हा १७३९४ वा दिवस होतो आणि २६ जानेवारी १९५० हा १८२८९ वा. एकातून दुसरा वजा केला की स्वातंत्र्य आणि प्रजासत्ताक यांमधील अंतर ८९५ दिवसांचे, हे क्षणात निघते. महिना तीसचा की एकतीसचा, फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा, ही चिंता करावी लागत नाही.

निरनिराळ्या पद्धतींचे आरंभदिन मात्र निरनिराळे आहेत. पोस्टग्रेस हा डेटाबेस १ जानेवारी २००० पासून मागे-पुढे दिवस मोजतो. युनिक्स पद्धतीचे संगणक १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. ओरॅकल हा डेटाबेस शतक, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट व सेकंद यांसाठी एकेक कप्पा अशा सात कप्प्यांत तारीख भरतो. यातील कोणतीही पद्धत घ्या, ती आतल्या आत सुसंगत असते. गोंधळ होतो तो एका घरातून दुसऱ्या घरात तारीख नेताना. एक्सेलमध्येच १९०० ची व १९०४ ची अशा दोन मोजण्या आहेत, आणि एका मोजणीचा आकडा दुसऱ्या मोजणीच्या पत्रकात तसाच चिकटवला तर प्रत्येक तारीख १४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षे व एका दिवसाने सरकते. एक गंमतही सांगतो. एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस खरा मानतो. वस्तुतः १९०० हे लीप वर्ष नव्हतेच, कारण शतकाचे वर्ष ४०० ने भागले गेले तरच ते लीप धरतात. लोटस नावाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ही चूक होती, त्याच्याशी जुळते राहावे म्हणून ती जाणूनबुजून तशीच चालू ठेवली गेली. एक चूक एकदा नोंदवहीत बसली की ती काढणे किती कठीण, याचे हे जगजाहीर उदाहरण होय.

०३/०४ म्हणजे काय?

आता पोशाखाविषयी. ०३/०४/२००९ असे लिहिले तर आपण ३ एप्रिल वाचतो. अमेरिकेत तेच ४ मार्च असे वाचतात, कारण तेथे महिना आधी लिहिण्याची रीत आहे. संगणकाच्या मांडणीत अमेरिकेची रीत ठरवून दिलेली असेल आणि आपल्या कारकुनाने आपल्या रीतीने तारीख टाकली, तर काय होईल? २५/०४/२००९ ही तारीख संगणक नाकारील, कारण पंचविसावा महिना नसतो. चूक लगेच उघड होईल. परंतु ०३/०४/२००९ तो निमूटपणे घेईल आणि ४ मार्च म्हणून ठेवील. म्हणजे महिन्याच्या १३ तारखेपासून पुढे जन्मलेली मुले सुटतात आणि १ ते १२ तारखेच्या मुलांच्या नोंदी बिघडतात, त्याही कोणाच्या लक्षात न येता. जी चूक ओरडते ती बरी, जी गप्प बसते तिच्यापासून जपावे.

या गोंधळावर तोडगा म्हणून १९८८ साली आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्याची रीत सोपी आहे. आधी चार आकडी वर्ष, मग दोन आकडी महिना, मग दोन आकडी दिवस, मध्ये आडव्या रेघा. ३ एप्रिल २००९ हा दिवस २००९-०४-०३ असा लिहायचा. एका संगणकातून दुसरीकडे तारखा पाठवताना हेच रूप वापरावे. माणसांसाठी छापताना मात्र महिन्याचे नाव अक्षरी लिहावे : ३ एप्रिल २००९. मग अमेरिकेचा माणूस वाचो की आपल्या मोहल्ल्यातला, अर्थ एकच.

वर्ष आधी लिहिण्याचा आणखी एक लाभ आहे. पुष्कळ ठिकाणी तारीख ही तारखेच्या रकान्यात न ठेवता साध्या मजकुराच्या रकान्यात ठेवलेली आढळते. समजा, तीन मुलांच्या जन्मतारखा ०२/११/२०१२, ०३/०७/२०१० आणि ०५/०१/२०११ अशा मजकूर म्हणून लिहिल्या आहेत. वयाच्या क्रमाने यादी मागितली तर संगणक अक्षरे लावतो तशी डावीकडून तुलना करील, आणि २०१२ सालचे सर्वांत धाकटे मूल सर्वांत थोरले म्हणून पहिले बसवील. वर्ष आधी असते तर मजकूर म्हणून लावूनही क्रम बरोबर आला असता. डीबेस हा जुना प्रोग्रॅम तारखा अशाच, वर्ष-महिना-दिवस असे सलग आठ आकडे करून ठेवीत असे.

तथापि उत्तम मार्ग हाच की तारखेसाठी तारखेचाच रकाना करावा. मजकुराचा रकाना ३१ जून घेतो, २९ फेब्रुवारी २००९ घेतो, “माहीत नाही” हेही घेतो. तारखेचा रकाना पहारेकऱ्यासारखा दारातच अडवतो. अर्थात पहारेकरी जागा हवा. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या, सैल मांडणीत चुकीची तारीख दिली की तो सगळी शून्ये भरून पुढे जाई. वर्ष शून्य, महिना शून्य, दिवस शून्य. असा दिवस कोणाच्याही आयुष्यात उगवत नाही.

एक्सेल वापरणाऱ्यांनी उलट बाजूही ध्यानात घ्यावी. घर क्रमांक ३-४ असा टाकला तर एक्सेल त्याला तारीख समजून बदलून टाकतो. हा उपद्रव साऱ्या जगाला झाला आहे. जीवशास्त्रज्ञांनी काही जनुकांना मार्च १, सेप्ट २ अशा उच्चाराची संक्षिप्त नावे दिली होती, ती संशोधकांच्या पत्रकांत आपोआप तारखा होऊन बसत. शेवटी नावे ठरवणाऱ्या समितीला २०२० साली ती जनुकांची नावेच बदलावी लागली. म्हणून ज्या रकान्यात तारीख नाही, तो आधी मजकुराचा म्हणून जाहीर करावा आणि मगच टंकन करावे.

दोन आकड्यांची काटकसर

पूर्वी संगणकातील जागा फार महाग होती. म्हणून १९६५ ऐवजी ६५ असे दोनच आकडे ठेवण्याचा प्रघात पडला. २००० साल उजाडताना ०० म्हणजे १९०० की २०००, हा प्रश्न साऱ्या जगापुढे उभा राहिला आणि तो निस्तरण्यासाठी अतोनात श्रम व पैसा खर्च झाला. तो प्रश्न संपला असे आपण समजतो. परंतु अर्जात ४५ असे दोन आकडी वर्ष लिहिणारे आजही आहेत, आणि त्याचा अर्थ प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या नियमाने लावतो. एक्सेल ०० ते २९ हे २००० नंतरचे आणि ३० ते ९९ हे १९०० नंतरचे धरतो. मायएसक्यूएल ०० ते ६९ हे २००० नंतरचे धरतो. ओरॅकलच्या एका नेहमीच्या पद्धतीत ही सीमा ४९ वर आहे. म्हणजे १९४५ साली जन्मलेल्या आजोबांचे ४५ हे वर्ष एक्सेलमध्ये १९४५ होते, तर उरलेल्या दोघांकडे २०४५ होते. आजोबांचा जन्म अजून व्हायचा आहे, असा निकाल संगणक देतो. मग त्यांची पेन्शन कोण मंजूर करणार? वर्ष चारही आकड्यांत लिहावे, हा नियम लहान मुलानेही पाळण्यासारखा आहे.

असाच एक प्रसंग पुढे यायचा आहे. युनिक्स पद्धतीत सेकंद मोजण्यासाठी पूर्वी बत्तीस घरांचा आकडा वापरीत. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. इतके सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी पूर्ण होतील. त्यानंतर जुनी यंत्रे मागे उडी मारून १९०१ सालात जातील. नव्या यंत्रांत चौसष्ट घरे केलेली आहेत. ज्या विद्यार्थ्यांना संगणकाच्या क्षेत्रात जायचे आहे, त्यांना जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीचे काम पुरेल इतके आहे.

माहीत नसलेली तारीख

आता जो भाग आपल्या घराघरांशी निगडित आहे, त्याकडे येतो. महाराष्ट्रात १ जून या दिवशी जन्मलेल्यांची संख्या आश्चर्य वाटावे इतकी मोठी आहे, हे आपण सर्व जाणता. जूनमध्ये शाळा सुरू होत, आई-वडिलांना तारीख सांगता येत नसे, गुरुजी मुलाकडे पाहून अंदाजाने वय धरीत आणि १ जून लिहून मोकळे होत. “मोठ्या पुरात झाला”, “बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी झाली” ही आपल्या आजी-नानींची सांगण्याची रीत होती. ती खोटी नव्हती, परंतु वहीच्या रकान्यात बसत नव्हती. गुरुजींनाही दोष देता येत नाही. त्यांनी मुलाला वर्गात घेतले, हे उपकारच म्हटले पाहिजेत.

संगणकाच्या दृष्टीने मात्र यात एक मूलभूत चूक आहे. जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखे लिहिले गेले. डेटाबेसमध्ये रकाना रिकामा ठेवण्याची सोय असते. त्याला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, नल म्हणजे “ठाऊक नाही”. फक्त वर्ष ठाऊक असेल तर वर्षाचा वेगळा रकाना करावा, आणि तारीख कशावरून घेतली, म्हणजे जन्मदाखल्यावरून, पालकांच्या सांगण्यावरून की अंदाजाने, हे शेजारच्या रकान्यात लिहावे. सुरुवातीच्या काळात पुष्कळ आधार कार्डांवर केवळ जन्मवर्ष छापलेले असे, ते एका अर्थी प्रामाणिकपणाचे होते. अंदाजाला पक्क्या तारखेचा पोशाख चढवला की पुढे कोणालाही तो अंदाज होता हे ओळखता येत नाही.

हिजरी तारखांविषयी दोन शब्द. चांद्र वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे ३३ हिजरी वर्षांची सुमारे ३२ इसवी वर्षे होतात. हिजरी हिशेबाने तेहतिशी पूर्ण करणारा माणूस इसवी हिशेबाने बत्तिशीचा असतो. शिवाय महिना चंद्रदर्शनावर अवलंबून. सौदी अरबस्तानात ठरलेली तारीख व आपल्याकडची तारीख यांत बहुधा एका दिवसाचा फरक पडतो. आपल्या कोकणातील व इतर भागांतील जे बांधव तिकडे नोकरीस गेले, त्यांच्या तेथील कागदांवर हिजरी तारखा आढळतात. संगणक हिजरीचे इसवी करून देतो, परंतु तो गणिताने करतो, चंद्र पाहून नव्हे. तेव्हा मूळ कागदावरील हिजरी तारीख जशीच्या तशी मजकुराच्या रकान्यात ठेवावी, ती कोणत्या देशातली हे लिहावे, आणि इसवी तारीख वेगळ्या रकान्यात ठेवावी. मूळ पुसून रूपांतर ठेवू नये.

आणखी एक बारकावा आहे. आपला दिवस मगरिबला सुरू होतो. गुरुवारला आपण जुमेरात म्हणतो, त्याचे कारणच हे की गुरुवारी सूर्य मावळला की जुम्याची रात्र लागते. गुरुवारी रात्री नऊ वाजता मूल जन्मले, तर दादीजान म्हणणार “जुम्याचा मुलगा”, आणि इस्पितळ लिहिणार गुरुवारची तारीख. कागदावर इस्पितळाचीच तारीख चालते, कारण तेथे दिवस मध्यरात्री बदलतो. दादीजानचेही बरोबर आहे. फक्त तिचा हिशेब अर्जात लिहायचा नाही.

गंमत अशी की संगणकालाही हाच रोग जडतो. जन्मतारखेसाठी केवळ तारखेचा रकाना न करता तारीख व वेळ असा जोड रकाना केला, तर संगणक वेळ म्हणून मध्यरात्रीचे बारा भरतो. मग ही वेळ ग्रिनिचच्या हिशेबात बदलली की साडेपाच तास वजा होतात, आणि १० मेची मध्यरात्र ही ९ मेची संध्याकाळी साडेसहा होते. पडद्यावर मूल एका दिवसाने मोठे दिसते. विद्यार्थी मित्रांनो, हा दोष नव्या प्रोग्रॅममध्येही वारंवार आढळतो. जन्मतारखेला घड्याळ जोडू नये, हा त्यावरचा उपाय होय.

दोन वह्या, दोन तारखा

एकाच माणसाच्या दोन तारखा दोन ठिकाणी राहिल्या तर काय होते, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण भारताच्या लष्करप्रमुखांचे आहे. जनरल व्ही. के. सिंग यांच्या शालान्त प्रमाणपत्रावर १० मे १९५१ ही तारीख होती, आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी भरलेल्या अर्जात १० मे १९५०. सैन्याच्या मुख्यालयातील एका शाखेत एक तारीख, दुसऱ्या शाखेत दुसरी, असे वर्षानुवर्षे चालले. सर्वोच्च पदावर पोहोचल्यावर हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी आपला अर्ज मागे घेतला आणि १९५० हेच साल धरून ते त्या वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले. ज्यांच्या हाताखाली लाखोंचे सैन्य, त्यांना एका आकड्याने इतका त्रास होतो, तर तुमच्या-आमच्या मुलांचे काय?

आसामात २०१९ साली नागरिक नोंदवहीची अंतिम यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा १९ लाखांहून अधिक लोकांची नावे तीत आली नाहीत. तेथील कागदपत्रांच्या छाननीत नावांच्या व वयांच्या विसंगतीचा प्रश्न वारंवार निघाला. हा राजकारणाचा विषय म्हणून मी सांगत नाही. गरीब माणसाचा कागद हीच त्याची साक्ष असते, आणि साक्षीत दोन तोंडे नसावीत, एवढ्यासाठी सांगतो.

कोणता कागद श्रेष्ठ, हाही प्रश्न येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने मृताचे वय आधार कार्डावरून न धरता शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून धरले. भरपाईची रक्कम वयावर ठरत असल्याने त्या कुटुंबाच्या दृष्टीने हा मोठा निर्णय होता. आधार ही ओळखीची खूण आहे, जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नव्हे. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात मोठा बदल झाला आहे. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नेमणूक व पासपोर्ट यांकरिता जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. तेव्हा आज ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे, त्यांना गुरुजींच्या १ जूनचा आधार मिळणार नाही.

आपण काय करावे?

पालकांना माझी विनंती चार गोष्टींची आहे. मूल जन्मल्यापासून २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करावी. नाव ठरले नसले तरी नोंद थांबवू नये, नाव नंतर घालता येते. दुसरे, शाळेत नाव घालताना जन्मदाखला समोर ठेवून तारीख लिहावी, आठवणीने लिहू नये. मूल लवकर शाळेत जावे म्हणून वय वाढवू नये, नोकरी लांबावी म्हणून कमी करू नये. तो मुलाच्या नावावर काढलेला कर्जाचा कागद ठरतो, फेड त्यालाच करावी लागते. तिसरे, जन्मदाखला, शाळेचे रजिस्टर व आधार या तिन्हींवरची तारीख आजच रात्री घरी जाऊन ताडून पाहावी. फरक असेल तर मूल शाळेत शिकत असतानाच दुरुस्ती करून घ्यावी, शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते. आधारवरील जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून तेथे आधी आणि घाईने जाऊ नये, प्रथम मूळ दाखला दुरुस्त करावा. चौथे, ज्या माता-भगिनींना वाचता येत नाही, त्यांनी मुलाकडून किंवा शिक्षकांकडून तारीख मोठ्याने वाचून घ्यावी. अंगठा उमटवण्यापूर्वी विचारण्यात कमीपणा नाही.

संस्थेच्या कार्यालयाला सूचना करतो. अर्जावर तारखेसाठी एक मोकळी रेघ न ठेवता दिवस, अक्षरी महिना व चार आकडी वर्ष अशा तीन चौकटी कराव्यात. संगणकात तारखेचा रकाना तारखेचाच असावा. जन्मतारीख एकाच तक्त्यात ठेवावी आणि गुणपत्रक, ओळखपत्र, दाखला यांनी ती तेथूनच घ्यावी. प्रत्येक ठिकाणी नव्याने टंकन झाले की नव्या चुकीला दार उघडते. संगणकालाच प्रश्न घालून द्यावेत : प्रवेशाच्या दिवशी पहिलीतल्या मुलाचे वय पाचापेक्षा कमी वा आठापेक्षा जास्त येते काय? जन्मतारीख प्रवेशाच्या तारखेनंतरची आहे काय? १ जून व १ जानेवारीची मुले किती? अशी यादी दर वर्षी काढून पालकांना बोलवावे. आणि दहावीचा अर्ज पाठवण्यापूर्वी प्रत्येक मुलाची छापील नोंद घरी पाठवून पालकांची सही घ्यावी. या कामाला पैसा लागत नाही, एक रविवार लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे सांगणे तुम्हांला. अल् ख्वारिज्मी यांच्या नावावरून अल्गोरिदम हा शब्द आला, हे तुम्ही वाचले असेल. त्यांनी कालगणनेवरही लेखन केले होते. अल् बिरूनी यांनी इसवी सन १००० च्या सुमारास निरनिराळ्या लोकांच्या कालगणनांचा मोठा ग्रंथ लिहिला. उमर खय्याम यांना आपण रुबायांसाठी ओळखतो, परंतु १०७९ साली सुरू झालेल्या जलाली पंचांगाच्या मागे जे ज्योतिर्विद होते त्यांत ते एक होते. दिवस मोजण्याचे शास्त्र हे आपल्या पूर्वजांनी आवडीने जोपासलेले शास्त्र आहे. त्यांचा नुसता अभिमान बाळगणे सोपे आहे. तुमच्यापैकी जो कोणी उद्या एखाद्या कचेरीत संगणकापुढे बसून अनोळखी मुलाची जन्मतारीख भरील, त्याने ती भरताना दोनदा पाहावी. ते मूल कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हे पाहण्याचे कारण नाही. ती तारीख तुमच्याजवळ ठेवलेली अमानत आहे, आणि अमानत जशी मिळाली तशी परत करायची असते.